साठीतला बॅकहँड: एक हात, दोन हात की नुसता काप?

१९ फेब्रुवारी २०२४ रोजी पुरुषांच्या टेनिसची नवी क्रमवारी लागली आणि पहिल्या दहांत एका हाताने बॅकहँड (रॅकेटच्या हाताच्या उलट्या बाजूला आलेल्या बॉलवरचा फटका) मारणारा एकही खेळाडू उरला नाही. १९७३ साली ही क्रमवारी सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं. एका हाताने मारणारा ग्रीसचा त्सित्सिपास दहाबाहेर घसरला आणि तसंच खेळणाऱ्या फेडररच्या चाहत्यांनी गळा काढला. पुढे बल्गेरियाच्या दिमित्रोव्हने ती जागा पुन्हा भरून काढली, पण तोवर वाद पेटला होता. त्या क्रमवारीच्या तीनच आठवडे आधी आपल्या रोहन बोपण्णाने ४३व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली होती, आणि बोपण्णा एका हाताने मारणारा.

टीव्हीवरचा हा वाद जळगाव, धुळे, भुसावळच्या कोर्टांवरही आला. बँकेतून, रेल्वेतून, शाळेतून निवृत्त झालेली मंडळी हातात रॅकेट घेतात आणि आठवडाभरात विचारतात, "भो, दोन्ही हातांनी मारू की एकाच?" प्रश्न रास्त आहे. पण टीव्हीवरच्या उत्तराचा आपल्याला फारसा उपयोग नाही. तिथे पंचविशीतल्या पोरांचा विचार चाललेला असतो, ज्यांच्याकडे येणारा बॉल शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाने येतो आणि ज्यांचे खांदे तपासायला माणूस पगारावर ठेवलेला असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पंचावन्न-साठीच्या पुढे हौसेने खेळणाऱ्याने पहिल्यांदा स्लाइस, म्हणजे बॉलला काप देऊन मारायचा फटका, शिकावा, त्यानंतर दोन हातांचा बॅकहँड. एका हाताचा जोरकस फटका ज्याची हौस दांडगी आणि कोपर धड आहे त्यानेच करावा. असं का, ते समजायला थोडं मुळापासून जावं लागेल.

## बॅकहँड अवघड का वाटतो

उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजवीकडे आलेला बॉल म्हणजे फोरहँड, डावीकडे आलेला बॅकहँड. (डावखुऱ्यांनी पुढचं सगळं उलटं करून वाचावं.) फोरहँडला हात शरीरामागून पुढे येतो, तळहात बॉलकडे असतो, आणि छाती-दंडाचे दणकट स्नायू कामाला लागतात. बॅकहँडला हात शरीरासमोरून आडवा जातो आणि मग बाहेर उघडतो. हे उघडण्याचं काम खांद्याच्या मागच्या बाजूचे आणि हाताच्या वरच्या बाजूचे स्नायू करतात. रोजच्या जगण्यात त्यांना असलं काम कुणी सांगत नाही, त्यामुळे ते मुळातच कमी तयारीचे असतात.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर. साठीत टेनिसकडे वळणारे बरेचजण आयुष्यभर बॅडमिंटन खेळलेले असतात. बॅडमिंटनचं शटल जेमतेम पाच ग्रॅमचं, रॅकेट शंभर ग्रॅमच्या आतली. तिथे मनगटाचा झटका हेच हत्यार. टेनिसचा बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, म्हणजे शटलच्या दहापटीहून जड, आणि रॅकेट तीनशे ग्रॅमच्या आसपास. त्याला मनगटाने झटकायला गेलात की सगळा हादरा कोपराच्या बाहेरच्या हाडाशी जाऊन बसतो. बॅडमिंटनवाल्यांची नजर आणि पावलं टेनिसमध्ये फार उपयोगी पडतात. मनगट मात्र घरी ठेवून यावं.

## एका हाताचा: दिसायला देखणा, वेळेला कडक

ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा ज्यांनी पाहिलाय त्यांना एका हाताचा बॅकहँड पटकन कळेल. त्याचा जोर मनगटात नसतो. पाय रोवलेले असतात, अंग फिरतं, हात आणि दोरी त्यामागून ओढली जातात. आणि दगड सोडायचा क्षण जरा चुकला की दगड भलतीकडे. एका हाताच्या बॅकहँडचं तंतोतंत असंच आहे. जोर अंगाच्या वळणातून येतो, आणि सारा खेळ बॉल कुठे गाठला यावर ठरतो.

इथे शरीररचनेचा एक मुद्दा आहे. एका हाताने मारताना आपण जाळीकडे उजवा खांदा करून आडवे उभे राहतो. म्हणजे मारणारा हात ज्या खांद्याला लटकलाय तो खांदा सगळ्यांत पुढे असतो. त्यामुळे बॉल त्याच्याही पुढे, पुढच्या पावलाच्या वीतभर तरी पुढे गाठावा लागतो. तिथे गाठला तर हात सरळ, मनगट पक्कं, फटका गोड. तोच बॉल पोटाच्या रेषेत आला की बॉल रॅकेटला मागे ढकलतो, मनगट दुमडतं आणि कोपर बोंबलतं.

पुढे गाठायचं म्हणजे लवकर ओळखायचं आणि लवकर पोचायचं. साठीत कमी होतं ते नेमकं हेच. ताकद बरीच टिकते, पहिली दोन पावलं मंदावतात. म्हणून तरुणपणापासून एका हाताने खेळत आलेल्यांना मी कधीच बदलायला सांगत नाही, त्यांच्या अंगात ती वेळ मुरलेली असते. नव्याने शिकणाऱ्याला मात्र ही वाट उगाच चढणीची आहे.

## दोन हातांचा: खरं काम डाव्या हाताचं

दोन हातांनी मारणारे पूर्वीही होते, पण ही पद्धत घरोघरी पोचली १९७०च्या दशकात, जिमी कॉनर्स, ख्रिस एव्हर्ट आणि बियाँ बोर्ग यांच्यामुळे. आज व्यावसायिकांत बहुतेक सगळे असंच खेळतात.

लोकांचा समज असा की उजवा हात मारतो आणि डावा नुसता टेकू देतो. खरं तर उलटं आहे. उजव्या माणसाचा दोन हातांचा बॅकहँड म्हणजे डाव्या हाताचा फोरहँड, ज्यात उजवा हात खाली धरून दिशा सांभाळतो. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं शिक्षण झालं. पटत नसेल तर रॅकेट एकट्या डाव्या हातात, मुठीच्या वरच्या भागाला धरा, बॉल समोर टाका आणि हलकेच फोरहँड मारा. पहिले काही दिवस हसू होईल. पुढे त्यावर उजवा हात ठेवला की बॅकहँड आपोआप सरळ जायला लागतो.

यात मागचा, म्हणजे डावा खांदाही फिरून पुढे येतो, म्हणून बॉल पुढच्या पावलाच्या रेषेत गाठला तरी चालतं. थोडा उशीर माफ होतो. खांद्याच्या उंचीवर आलेला बॉलही दोन हातांनी दाबून ठेवता येतो, एका हाताने तो नेहमीच जड जातो. शिवाय हादरा दोन हातांत वाटला जातो.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. एका हातात जे कोपर-खांद्याला सोसावं लागतं ते इथे कंबरेकडे जातं. कंबर वळल्याशिवाय हा फटका होत नाही. मणक्याचं दुखणं असलेल्या, सकाळी उठताना पाठ धरणाऱ्या माणसाने हा फटका जपून करावा. आणि पोच कमी: लांब गेलेल्या बॉलला दोन्ही हात पुरत नाहीत, म्हणजे एक-दोन पावलं जास्त धावावं लागतं.

## स्लाइस: ज्याला आपण "काप मारणं" म्हणतो

फटक्याला फिरकी दोन तऱ्हेने देता येते. रॅकेट खालून वर घासत नेली की बॉल पुढच्या दिशेने गरगरतो, जाळीवरून उंच जाऊन झपकन खाली येतो आणि टप्पा पडल्यावर उसळतो. हा टॉपस्पिन. उलट, रॅकेटचं तोंड जरा आभाळाकडे उघडं ठेवून वरून खाली-पुढे नेली की बॉल उलटा फिरतो, हवेत तरंगल्यासारखा जातो आणि टप्प्यानंतर खालूनच सरपटतो. हा स्लाइस.

साठीतल्या माणसाला याचे फायदे मोजावे तेवढे थोडे. मागे मोठा हात न्यावा लागत नाही. बॉल थोडा उशिरा गाठला तरी फटका वाया जात नाही. एकच हात वापरायचा, त्यामुळे पोच पूर्ण. बॉल हळू जातो, म्हणजे आपल्याला मध्यभागी परत यायला वेळ मिळतो. आणि समोरच्याला? त्याच्या गुडघ्याखाली येणारा बॉल. आपल्याच वयाच्या माणसाला गुडघ्यात वाकायला लावणं यासारखी सभ्य दुष्टाई दुसरी नाही.

मूठ कशी धरायची ते एकदाच नीट समजून घ्या. रॅकेटच्या मुठीला आठ पैलू असतात. रॅकेटची कड जमिनीकडे करून उभी धरली की वरचा सपाट पैलू पहिला, त्याच्या उजवीकडचा तिरपा दुसरा. तर्जनीच्या बुडाचा सांधा या दुसऱ्या पैलूवर ठेवा. या पकडीला कॉन्टिनेंटल म्हणतात. सर्व्हिस, जाळीजवळची व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) आणि स्लाइस या तिन्हींना हीच पकड. आणि आता गंमत पाहा: दोन हातांच्या बॅकहँडमध्ये खालच्या, उजव्या हाताची पकडही बहुतेकदा हीच असते. म्हणजे स्लाइस आणि दोन हातांचा अशी जोडी ठेवली तर ऐनवेळी उजव्या हाताची मूठ बदलावी लागत नाही. बॉल जवळ आला, दोन हातांनी मारला. लांब गेला, डावा हात सोडून कापला. एका हाताच्या टॉपस्पिनला मूठ फिरवून पहिल्या पैलूवर न्यावी लागते, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. मी स्लाइस आणि दोन हात या जोडीच्या बाजूने आहे, त्याचं सगळ्यांत मोठं कारण हे.

ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅश बार्टीने हीच जोडी घेऊन फ्रेंच, विंबल्डन आणि ऑस्ट्रेलियन अशा तिन्ही स्पर्धा एकेरीत जिंकल्या. दोन हातांचा बॅकहँड तिच्याकडे होताच, पण लोक घाबरायचे ते तिच्या स्लाइसला.

चूक एकच, पण सगळे करतात: कुऱ्हाड घातल्यासारखं वरून खाली तोडणं. बॉल मग जाळीत तरी जातो, नाहीतर लोंबकळत समोरच्याच्या हातात. रॅकेट खाली कमी आणि पुढे जास्त गेली पाहिजे. मागे नेताना डाव्या हाताने रॅकेटचा गळा धरून ठेवा आणि फटका मारताना तो हात मागेच राहू द्या. त्याने छाती लवकर उघडत नाही.

## "पण स्लाइस म्हणजे म्हाताऱ्यांचा शॉट ना?"

हे मला हमखास ऐकवलं जातं. स्टेफी ग्राफने एकेरीची २२ ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली, आणि तिचा बॅकहँड बहुतांशी स्लाइसच होता. केन रोझवॉल १९७४ साली ३९व्या वर्षी विंबल्डन आणि यूएस ओपन अशा दोन्ही अंतिम सामन्यांत पोचला तो स्लाइसच्याच जोरावर. दोन्ही वेळा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांच्या कॉनर्सने, म्हणजे दोन हातवाल्याने, त्याला सपाटून हरवलं हेही सांगायला हवं. पण आपल्याला कॉनर्सशी खेळायचं नाहीये. आपल्याला शेजारच्या कॉलनीतल्या आप्पांशी दुहेरी खेळायची आहे, आणि आप्पांचे गुडघे आपल्याइतकेच जुने आहेत.

तरी एक कबूल. जाळीवर उभा असलेला चांगला खेळाडू तरंगणाऱ्या स्लाइसवर झडप घालतो. तिथे दोन हातांचा नेमका फटका किंवा डोक्यावरून लॉब लागतो. नुसत्या स्लाइसवर सगळा खेळ चालवता येत नाही, म्हणूनच जोडी म्हणतोय.

## "माझं कोपर आधीच दुखतं"

कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखतं, पाण्याने भरलेला तांब्या तळहात खाली करून उचलताना कळ येते, कपडे पिळताना त्रास होतो, तर बहुधा ते टेनिस एल्बो. नावात टेनिस असलं तरी हे दुखणं असलेल्या बहुतेकांनी टेनिस कधी खेळलेलं नसतं. सुतार, रंगारी, दिवसभर माउस धरणारे, घरात पोळ्या लाटणाऱ्या बायका, कुणालाही होतं. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची दोरी हाडाला जिथे चिकटते तिथे ती झिजते.

टेनिसपटूंत याचं मोठं कारण उशिरा गाठलेला एका हाताचा बॅकहँड. तेव्हा ज्याचं कोपर कुरकुरतंय त्याने तो विषयच सोडावा आणि दोन हातांकडे वळावं. कळ असेपर्यंत विश्रांती, मग डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टने सांगितलेले मनगटाचे हळू व्यायाम. बहुतेकांचं बरं होतं, पण वेळ महिन्यांत मोजावा लागतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं, मात्र पुढच्या महिन्यांत दुखणं परतण्याचा धोका त्यात जास्त असतो. घाई असली तरी हे डॉक्टरांना विचारून घ्या.

मधुमेह असणाऱ्यांनी खांद्याकडेही लक्ष ठेवावं. खांदा आखडण्याचा, ज्याला फ्रोजन शोल्डर म्हणतात, त्रास त्यांच्यात जास्त दिसतो. हात पाठीमागे नेऊन बनियन काढता येत नसेल तर बॅकहँडचा प्रकार निवडण्याआधी खांदा दाखवून घ्या.

रॅकेटबद्दल दुकानदार सांगेल, "काका, हलकी घ्या." पूर्ण ऐकू नका. फार हलकी रॅकेट बॉलचा हादरा पेलत नाही, तो हातात उतरवते. २८० ते ३०० ग्रॅमची, १०० ते १०५ चौरस इंच तोंडाची रॅकेट या वयात बहुतेकांना बरी पडते. गटिंग करताना पॉलिस्टरची तार टाळा, ती दणकट पण कडक असते. मऊ, अनेक धाग्यांची तार घ्या आणि ताण ४५ ते ५० पौंडांत ठेवायला सांगा. आणि मेलेले बॉल फेकून द्या. क्लबात एकेक बॉल त्याची लव जाऊन टक्कल पडेपर्यंत वापरतात. असला बॉल पलीकडे पोचवायला जास्त ताकद लागते आणि ती कोपरातून जाते. वाचवलेले पैसे शेवटी डॉक्टरच घेतो.

## "या वयात नवी सवय लागते का?"

लागते, फक्त सावकाश. प्रश्न वयापेक्षा पद्धतीचा असतो. बहुतेकजण नवा फटका थेट सामन्यात करून पाहतात, दोनदा जाळीत जातो, आणि गडी परत जुन्यावर. नवा फटका आधी भिंतीवर, मग समोरच्याने हाताने टाकलेल्या बॉलवर, मग हळू देवाणघेवाणीत, आणि सगळ्यांत शेवटी गुणांसाठी. हिरव्या ठिपक्याचे बॉल मिळाले तर जरूर घ्या. ते नेहमीच्या बॉलपेक्षा सुमारे चतुर्थांशाने मंद असतात. मुलांसाठी बनवलेत म्हणून लाजायचं कारण नाही.

कोपनहेगनमध्ये साडेआठ हजारांवर लोकांवर पंचवीस वर्षांपर्यंत नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०१८ साली आला. बसून राहणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचं आयुष्य ९.७ वर्षांनी जास्त दिसलं, बॅडमिंटनवाल्यांचं ६.२, धावणाऱ्यांचं ३.२. हा आकडा फोनवर फार फिरतो. पण तो टेनिसचाच गुण असं त्यातून सिद्ध होत नाही. टेनिस परवडणारी माणसं मुळात बऱ्या स्थितीतली असू शकतात. चार माणसं भेटतात, हसतात, भांडतात, त्याचाही वाटा असेल. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांचा होकार घ्या. छातीत भरून आलं तर सेट अर्धा टाकून बसा.

## खान्देशातलं ऊन आणि बॉलची उसळी

पुण्या-मुंबईचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५च्या पुढे जातो आणि सिमेंटचं कोर्ट दिवसभराची उष्णता रात्रीपर्यंत सोडत राहतं. बॉलच्या आत दाबलेली हवा असते. गरम झाली की तिचा दाब वाढतो आणि बॉल जास्त उसळतो. म्हणजे एरवी जो बॉल कमरेला यायचा तो उन्हाळ्यात आणखी वर, खांद्याच्या दिशेने येतो, आणि खांद्यावरचा बॉल हा एका हाताच्या बॅकहँडचा जुना शत्रू. मे महिन्यात एका हातवाल्यांचा खेळ का बिघडतो, याचं निम्मं कारण हे. दोन पावलं मागे उभं राहून बॉल खाली येऊ द्यावा किंवा दोन हातांनी दाबावा.

डिसेंबर-जानेवारीत उलटं. पहाटेच्या थंडीत बॉल मरगळतो, कमी उसळतो, आणि स्लाइस तर जमिनीला चिकटूनच जातो. थंडीत स्लाइस शिकायला घेतला तर यश लवकर मिळतं.

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आटपावं, तहान लागायच्या आधी पाणी प्यावं. रॅकेट गाडीत ठेवून बाजारात जाऊ नये. तापलेल्या डिकीत तारांचा ताण उतरतो.

## दुहेरीत कुणी कुठे उभं राहावं

या वयात बहुतेक खेळ दुहेरीचाच. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॅकहँड कच्चा असेल तर त्याने रिसीव्ह करताना उजव्या अर्ध्यात उभं राहावं. तिथे बाहेरच्या कडेला जाणारी सर्व्हिस फोरहँडला येते. डाव्या अर्ध्यात तीच सर्व्हिस बॅकहँडला लांब ओढते. बॅकहँड टाळून प्रत्येक बॉल फोरहँडला घ्यायला धावणारेही असतात. दोन गुण मिळतात, पण अख्खं उजवं कोर्ट उघडं पडतं आणि गुडघ्यांचं बिल संध्याकाळी येतं.

सर्व्हिस परत करताना फटका मारूच नका. दोन हातांनी रॅकेट समोर धरा, मागे न नेता बॉलला नुसतं अडवा. जाळी मध्यभागी तीन फूट, खांबांपाशी साडेतीन, म्हणून तिरका आणि मध्यावरून जाणारा बॉल सर्वांत सुरक्षित.

राहिला चष्मा. प्रोग्रेसिव्ह किंवा दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहिलं की जवळच्या नंबरचा भाग डोळ्यांसमोर येतो आणि पायाशी आलेला बॉल धूसर होतो. स्लाइस जाळीत का जातोय म्हणून महिनाभर मनगट तपासण्याआधी चष्मेवाल्याकडून फक्त लांबच्या नंबरचा एक वेगळा चष्मा करून घ्या, न फुटणाऱ्या भिंगाचा, मागून पट्टा बांधता येईल असा.